एका सभासदासोबत एक पाहुणा

फुटबॉलला आयुष्यात एकदाही पाय न लावलेली माणसं फुटबॉलवर किती वेळ बोलू शकतात हे ज्याला बघायचं असेल, त्याने रविवारी सकाळी देवळाली कॅम्पात आमच्या क्लबच्या मैदानाशेजारच्या चहाच्या टपरीवर यावं. माझा नवरा तिथे असतो. माझे धाकटे दीर तिथे असतात. दोघं एकाच इमारतीत राहतात, आम्ही वर आणि ते खाली, पण टपरीवर दोन वेगळ्या स्कूटरवरून जातात. क्लब एकच असला तरी त्यांचे गट वेगळे आहेत. बाकीचे दहा-पंधरा जणही त्याच मापाचे. कुणाचं पोट शर्टाची बटणं तोडायला निघालेलं, कुणाचा गुडघा कामातून गेलेला, एक जण तर जिना चढताना मध्येच थांबून श्वास घेतो. आणि विषय काय, तर आपल्या बचावफळीचा दम कमी पडतो.

त्याच वेळी भिंतीच्या आत माझी मुलगी सराव करत असायची. ती क्लबच्या मुलींच्या संघाची गोलकीपर. एक निवृत्त सुभेदार या मुलींना फुकट शिकवत आणि त्या सगळ्या त्यांना सर म्हणत. जिल्ह्याच्या सतरा वर्षांखालच्या संघाची निवड चाचणी जवळ आली होती. पुढच्या वर्षी माझ्या मुलीचं वय निघून जाणार होतं, म्हणजे जे काय व्हायचं ते याच वर्षी. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाला गोल केला होता. घरात लग्न असावं तशा आम्ही दोघी त्या तारखेकडे बघायचो. तिच्या वडिलांनाही ती तारीख ठाऊक होती, निदान मी सांगितली तेव्हा त्यांनी मान तरी हलवली होती.

पण त्यांच्या डोक्यात तेव्हा मोठे प्रश्न होते. क्लब बुडायला आला होता. इतकी वर्षं विंचूरचे एक कांदा व्यापारी क्लबचा खर्च चालवत होते. कागदोपत्री क्लब संस्थेचा, पण सगळे त्यांना मालकच म्हणायचे, कारण जर्सी त्यांची, बूट त्यांचे, बाहेरगावी सामना असला की टेम्पोही त्यांचाच. त्या वर्षी त्यांनी हात आखडता घेतला. स्पष्ट निरोप पाठवला की मला आता हे झेपणार नाही, तुमचं तुम्ही बघा. ज्या माणसाने इतकी वर्षं यांचे लाड पुरवले त्याला धन्यवादाचा एक शब्दही कुणी कळवला नाही. दुसऱ्या रविवारपासून टपरीवर एकच चर्चा सुरू झाली, आता क्लबचा मालक कोण?

दीर म्हणायचे, गंगापूर रोडच्या एका बिल्डरला द्या. त्याच्याकडे पैसा आहे, तो मैदानाला दिवे लावेल, परदेशी खेळाडू आणेल. परदेशी खेळाडू देवळालीत येऊन राहील कुठे आणि जेवेल काय, हे विचारायची सोय नव्हती. आमचे हे एकदम दुसऱ्या टोकाला. यांनी रात्री-अपरात्री मोबाइलवर युरोपातले सामने बघून बघून जगभरच्या क्लबांचं ज्ञान मिळवलेलं.

"जर्मनीत बघा," हे म्हणायचे, "निम्म्याहून जास्त मालकी चाहत्यांची. कुणी धनदांडगा येऊन क्लब गिळू शकत नाही. क्लब हा चाहत्यांचाच असला पाहिजे."

चाहत्यांचा म्हणजे कुणाचा, तर टपरीवर बसणाऱ्यांचा. यातल्या एकानेही मुलींचा एक सामना सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. पण मालकी हवी होती प्रत्येकाला. घरी येऊनही तेच. जेवताना हे मला अरबांनी विकत घेतलेल्या क्लबांचं पुढे काय झालं ते सांगायचे, आणि समोर बसलेल्या पोरीचे हातमोजे फाटून बोटं बाहेर आलीत, हे यांना दिसायचं नाही.

शेवटी यांचाच मुद्दा वर आला. क्लब सभासदांचा करायचा, सभासदांनी कार्यकारिणी निवडायची. आता आपल्याकडे निवडणूक म्हटलं की काय होतं ते सांगायला नको. सोसायटी असो, पतसंस्था असो नाहीतर भजनी मंडळ, माणूस आधी मतं मोजतो आणि मग संस्था कशासाठी आहे ते आठवायला लागतो. जर्मनीतल्या लोकांना हे बहुधा माहीत नसावं. दोन पॅनेल झाली, एक यांचं, एक दिरांचं, आणि दोन्हीकडून सभासद भरायला सुरुवात झाली.

यांनी स्कूटर काढली ती थेट सटाण्याला, आपल्या मामांकडे. मामा, मामेभाऊ, त्यांचे शेजारी, शेजाऱ्यांचे भाऊबंद, सगळे देवळालीच्या फुटबॉल क्लबचे सभासद झाले. यातल्या कुणी देवळालीच पाहिली नव्हती, मग मैदान कुठून पाहणार! दिरांना कुणकुण लागताच त्यांनी माझ्या जावेचं माहेर गाठलं. ते विंचूरच्या जवळ. तिकडचे झाडून सगळे पाहुणे दिरांनी भरले. मग दोघांच्या लक्षात आलं की घरातल्या बायकाही अठरा वर्षांच्या वर आहेत. माझी सही यांनी माझ्याकडून पोळ्या लाटताना घेतली, पिठाच्या हातानेच केली मी. टपरीवरच्या बाकीच्यांनीही आपापल्या बायका, वहिन्या, मेव्हण्या भरून टाकल्या. कशावर सही करतोय हे विचारायचा वेळ आम्हाला कुणालाच नव्हता.

सरांनी एकदा विचारलं की मुलांना आणि मुलींना, म्हणजे जे खेळतात त्यांना, सभासद करायचं का. दोन्ही पॅनेलचं पहिल्यांदाच एकमत झालं. खेळाडू आज आहेत उद्या नाहीत, त्यांना मत कशाला? शिवाय बहुतेक अठराच्या खालचे. सर मिलिटरीतले, वाद घालायची सवय नाही. ते मुलींना घेऊन मैदानात गेले.

सभा एका मंगल कार्यालयात झाली. सटाण्याहून दोन गाड्या भरून आल्या, विंचूरकडून तीन. आधी जेवण ठेवलं होतं, कारण जेवणाशिवाय सभेला कोण येतो! क्लबकडे बॉलला हवा भरायचा पंप नव्हता, पण दोन भाज्या आणि जिलबी होती. पंगतीतच दोन्हीकडच्या पाहुण्यांची आपसात ओळख निघाली, कुणाची भाची कुणाच्या गावात दिलेली, आणि भांडायचा कुणाचाच मूड राहिला नाही. मग सुरू झालं आपलं लाडकं प्रकरण, निवडणूक बिनविरोध करण्याचं. कुणालाच नाराज करायचं नाही, प्रत्येकाला कुठे ना कुठे बसवायचं. आमचे हे उपाध्यक्ष झाले. दीर रुसले म्हणून तेही उपाध्यक्ष झाले. स्वागत समिती, सत्कार समिती, मैदान समिती, शिस्त समिती, सल्लागार समिती, एकेका समितीवर आठ-आठ माणसं बसली. अध्यक्ष कुणाला करायचं यावर दोघं भाऊ पुन्हा हमरीतुमरीवर आले, तेव्हा कुणीतरी म्हणालं, मामांना करा. मामा दोघांचेही मामा. आता नाही कोण म्हणणार!

मामा उठले, फेटा सारखा केला, शाल-श्रीफळ घेतलं आणि माइकवर बोलले. "मी कबड्डीना माणूस शे. हाऊ खेळ माले माहीत नही. पन पोरंसोरं भांडतस म्हनीसन मी बसस."

टाळ्या पडल्या. त्या अख्ख्या सभेत खरं बोललेला तो एकच माणूस होता असं मला वाटलं.

मग नियम ठरले. यांना भीती, की दिरांचा बिल्डर आपली माणसं मैदानात घुसवून ताबा घेईल. म्हणून यांनी नियम मांडला की सभासदाशिवाय कुणीही आत यायचं नाही. दिरांना त्यांच्या बिल्डरला सकाळी चालायला आणायचं होतं, म्हणून त्यांनी जोड दिली, एका सभासदासोबत एक पाहुणा चालेल. दोघांचंही समाधान झालं. नियम एकमताने मंजूर. फाटकावर माणूस हवा म्हणून सटाण्याहून सभेला आलेल्या यांच्या एका मामेभावाला तिथेच ठेवून घेतलं. क्लबकडे पैसे नव्हते ते नव्हतेच, त्यावर चर्चा पुढच्या सभेत घ्यायचं ठरलं. मंगल कार्यालयातून निघताना यांनी माझ्याकडे बघितलं. "बघितलंस? क्लब वाचवला," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगी हातमोजे घेऊन गेली आणि अर्ध्या तासात परत आली. फाटकावर तिच्या काकाने, म्हणजे यांच्या त्या मामेभावाने, तिला अडवलं होतं. सोबत संघातल्या बाकीच्या मुलीही बाहेर. एकही सभासद नाही, एकीचंही वय अठरा नाही. फक्त सर आत होते, कारण ते जुने आजीव सभासद. मामेभाऊ सरांना म्हणाला होता, एका पोरीला पाहुणी म्हणून न्या. सरांनी ऐकलं नाही. एकीला नेऊन बाकीच्यांना रस्त्यावर उभं करायचं, असा संघ मी शिकवत नाही, म्हणाले, आणि बॉलची जाळी घेऊन तेही बाहेर आले.

यांनी स्कूटर काढली आणि मुलीला मागे बसवून ऐटीत फाटकावर गेले. मीही मागोमाग रिक्षाने गेले, कारण मला तो सोहळा बघायचा होता. मामेभाऊ खुर्चीवरून उठला, यांच्या पाया पडला.

"दादा, तुमले तर मी आडवाव नही," तो म्हणाला. "तुम्हीन पोरले पाहुनी म्हनीसन ल्या. पन बाकीन्या पोरी नही. नियम तुमनाच शे."

तो खरोखर मनापासून बोलत होता. त्याला नोकरी यांनीच दिली होती, नियमही यांनीच शिकवला होता. मुलगी म्हणाली, "एकटी आत जाऊन मी गोल कुणाचे अडवू?" आणि स्कूटरवरून उतरून पायी घरी निघाली.

"बैठकीत विषय घेतो," हे म्हणाले.

या बैठकीची आम्ही वाट पाहिली. एकदा गणसंख्या भरली नाही. एकदा मामांना कांद्याच्या लागवडीमुळे सटाण्याहून येता येईना, आणि अध्यक्षांशिवाय नियम बदलता येईना. एकदा सगळे जमले, पण बैठकीचा वेळ कार्यकारिणीचा फोटो कुठे काढायचा यात गेला. शिस्त समितीचं म्हणणं पडलं की नियम झाल्या झाल्या बदलला तर लोक हसतील. दीर म्हणाले, नियम बदलायचा तर माझ्या बिल्डरला सल्लागार करा. हे म्हणाले, मुळीच नाही. रोज रात्री मी विचारायचे, काय झालं, आणि रोज हे मला प्रक्रिया समजावून सांगायचे. कॅलेंडरवरचा गोल जवळ येत होता. मुलगी गच्चीवर भिंतीवर बॉल मारायची आणि स्वतःच अडवायची. खालून दीर ओरडायचे, गिलाव्याला भेगा पडतील. मला त्या दिवसांत घरातल्या प्रत्येक पुरुषाचा इतका राग यायचा की मी भांडी जोरात घासायचे. हे म्हणायचे, आज काय झालंय हिला?

एका संध्याकाळी जाऊ वर आली. नवऱ्यांचं भांडण असल्यामुळे आम्ही दोघी जिन्यातच बोलायचो, पण त्या दिवशी ती सरळ स्वयंपाकघरात शिरली.

"ताई, मी बी मेंबर हाय ना?" ती म्हणाली. "तुमी बी हाय. मंग आपल्यासंगं येक येक पोरगी जाऊ शकती का नाय?"

बिनकामाच्या मतदार म्हणून भरलेल्या आम्ही बायका नियमाप्रमाणे पक्क्या सभासद होतो, आणि ते आमच्याच लक्षात आलं नव्हतं. दोघींनी मिळून फोन लावले. टपरीवरच्या प्रत्येकाच्या घरात एक तरी अशी सभासद होती. काही मुलींच्या घरातलं कुणीच सभासद नव्हतं, कारण त्यांच्या वस्तीतली मतं आपली आहेत असं कुठल्याच पॅनेलला वाटलं नव्हतं. त्यांना आमच्यातल्या, ज्यांची मुलगी संघात नव्हती अशा बायकांनी वाटून घेतलं. पहाटे आम्ही फाटकावर उभ्या राहिलो, कुणी गाउनवर ओढणी टाकलेली, कुणी साडी खोचलेली, जाऊ तर वेणी न घालताच आलेली, आणि प्रत्येकीच्या बाजूला एक पाहुणी. मामेभावाने एकेकीचं नाव विचारलं, मान डोलवली आणि फाटक उघडलं. नियमात बसतंय म्हटल्यावर तो बिचारा खूशच होता.

आम्ही बाकड्यांवर बसून डुलक्या घ्यायचो आणि मुली खेळायच्या. बाहेर टपरीवर पुरुषांची चर्चा चालू होती, की बायकांचा हा वेगळा गट कुणाच्या पॅनेलचा. पण फार उशीर झाला होता. हातात राहिलेले दिवस बोटांवर मोजण्याइतकेच होते.

चाचणीला मी सोबत गेले. हे आले नाहीत, सत्कार समितीची बैठक होती. माझ्या मुलीने समोरून आलेले बॉल छान अडवले. पण बाजूने उंच आलेल्या बॉलला ती गोल सोडून पुढे यायला कचरत होती, एकदा उशीर झाला, दुसऱ्यांदाही झाला. गच्चीवरच्या भिंतीवरून असा बॉल कधी येतच नाही. निवड करणाऱ्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी तिला जवळ बोलावलं.

"हात चांगले आहेत तुझे," त्या म्हणाल्या. "पण पुढे यायचा अंदाज चुकतोय. मध्ये सराव सुटला होता का?"

मुलगी हो म्हणाली. दुसरी मुलगी निवडली गेली, आणि ती चांगलीच खेळली होती, हे मीही बघितलं. येताना बसमध्ये माझी मुलगी खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिने तो काढला नाही, पण वळलीही नाही.

घरी पोचलो तेव्हा दोघं भाऊ एकत्र बसले होते. कित्येक महिन्यांनी दीर आमच्या घरात आले होते. बातमी ऐकल्याबरोबर हे उठून उभे राहिले.

"मला माहीतच होतं. राजकारण झालं."

"आधीच ठरलेलं असतं, दादा," दीर म्हणाले. "आपलीतुपली माणसं घेतात. हे सोडायचं नाही."

दोघांच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. मुलीने बूट काढले, दाराजवळ नीट ठेवले आणि म्हणाली, "तिथे काही राजकारण झालं नाही, बाबा. सगळ्यांना सारखेच बॉल मारले. मला ते अडवता आले नाहीत, कारण तुम्ही दोघांनी मला फाटकाबाहेर उभं केलं होतं."

दिरांनी खाली बघितलं. हे काही बोलायला गेले, "अगं, पण तो नियम..." आणि थांबले. क्षणभर मला वाटलं, आता या माणसाला कळलं. आता हा पोरीजवळ जाईल. तेवढ्यात यांचा फोन वाजला. टपरीवरचं कुणीतरी होतं. यांनी फोन कानाला लावला आणि यांचा आवाज पुन्हा उपाध्यक्षांचा झाला.

"हो, कळलं मला. नाही, नाही, आक्षेप तर घ्यायचाच. उद्याच बैठक लावू. आपल्या क्लबच्या मुलीवर अन्याय झालाय, गप्प कसं बसायचं?"

मुलगी आत निघून गेली आणि तिने दार लावून घेतलं. मी यांच्या हातातून फोन काढून घेतला. पलीकडून विचारत होते, उपाध्यक्ष, बैठक किती वाजता?

"ती तुमच्या क्लबची नाही," मी सांगितलं. "सभासद नाहीये ती." आणि फोन बंद केला.